तू कोणत्या सालचा?

आमच्या चौकात महिन्यातून दोनदा तरी कुणा ना कुणाचा वाढदिवस असतो. आदल्या रात्री पोरे शिडी लावून विजेच्या दोन खांबांमध्ये फ्लेक्स ताणतात. सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला मधोमध नेत्याचा हसरा चेहरा दिसतो. डोक्यावर काळेभोर केस, कपाळाला टिळा, खाली गोल चौकटींत शुभेच्छुकांचे तीसचाळीस फोटो. अभीष्टचिंतन सोहळ्याची वेळ असते, रक्तदान शिबिराची जागा असते, वह्यावाटप कुठे होणार ते असते. दिवस आणि महिना तर हातभर अक्षरांत. नसते ते फक्त साल. कितवा वाढदिवस, हे त्या सबंध कापडावर कुठेही लिहिलेले नसते.

मी निवृत्त शिक्षक आहे. समोर आलेले वाचायची सवय जात नाही, म्हणून हे फलकही मी वर्षानुवर्षे वाचत आलो. ज्याचा वाढदिवस अख्ख्या गावाने साजरा करायचा, त्याचे वय गावाला ठाऊक नसते, ही गोष्ट मला फार दिवस सलते आहे.

आपल्याकडे वय झाकायची रीत नव्हती. साठी भरली की घरात शांत करतात. पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव होतो, आणि एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला लेकीसुना दिव्यांनी ओवाळतात, पत्रिका छापून भावकीला बोलावतात, आणि त्या पत्रिकेवर वयाचा आकडा अभिमानाने मिरवतो. वय ही मिळकत आहे, ती उघड्यावर ठेवायची असते, असे मानणारा हा समाज. तिथे समाजाचे नेतृत्व करायला निघालेल्यानेच आपले साल झाकून ठेवावे, हे आपल्या संस्काराला धरून नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जो मत मागतो, त्याने आपले वय जन्मसालासह आणि पुराव्यासह मतदाराला सांगितलेच पाहिजे. कुणी विचारल्यावर नव्हे, कुणी कोर्टात खेचल्यावर नव्हे. दारात येऊन हात जोडतानाच.

यावर कुणी लगेच म्हणेल, प्रतिज्ञापत्रात वय असतेच की. असते, पण कसे असते ते पाहण्यासारखे आहे. हे प्रतिज्ञापत्र आपल्याला सुखासुखी मिळालेले नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था १९९९ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल २ मे २००२ रोजी लागला. तो निकाल बोथट करण्यासाठी संसदेने कायद्यात ‘३३ ब’ हे कलम घातले. न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी ते रद्द केले. आता प्रत्येक उमेदवाराला नमुना क्रमांक २६ भरून द्यावा लागतो. त्यात पॅन द्यावा लागतो. पाच वर्षांचे प्राप्तिकराचे उत्पन्न, जोडीदाराचे उत्पन्न, सोने किती, गाड्या किती, जमीन कुठे, कर्ज कुणाचे, गुन्हे कोणते, हे सगळे लिहावे लागते. शिक्षणाच्या रकान्यात तर शेवटची पदवी कोणत्या संस्थेतून आणि कोणत्या वर्षी घेतली, तेही लिहायचे असते.

पदवीचे साल सांगायचे. जन्माचे साल मात्र कुठेही सांगायचे नाही. वयासाठी त्या सगळ्या कागदपत्रात एकच जागा आहे, पहिल्याच वाक्यातली: मी, अमुकतमुक यांचा मुलगा किंवा मुलगी किंवा पत्नी, वय इतकी वर्षे, राहणार अमुक ठिकाणी. टिंबटिंब, आणि त्यात उमेदवाराने आपल्या हाताने भरलेला आकडा. त्याला दाखल्याची जोड नाही, तारखेचा आधार नाही. तो आकडा जनगणनेला घरी आलेल्या माणसाला सांगावा तसा सांगितलेला असतो. आणि मतदान केंद्रात यंत्रावर उमेदवाराचे नाव, फोटो आणि चिन्ह दिसते, वय नव्हे.

मतदाराचे मात्र काय होते? त्याचे नाव यादीत येते, शेजारी घर क्रमांक येतो, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव येते, आणि वय छापले जाते. ती यादी सगळ्या पक्षांच्या बूथवर टेबलावर पडलेली असते. गावातल्या सत्तर वर्षांच्या बाईचे वय कोणताही कार्यकर्ता बोट ठेवून वाचू शकतो, आणि जो तिच्याकडे मत मागतो त्याचे वय मात्र तिच्यापुढे कुणी ठेवत नाही. लोकशाहीत मालक कोण आणि सेवक कोण, हे आपण उलटे करून बसलो आहोत, त्याचा हा रोजचा पुरावा.

एवढासा आकडा चुकला तर काय बिघडते, असे वाटत असेल तर उत्तर प्रदेशातल्या स्वारचे उदाहरण घ्यावे. रामपूर जिल्ह्यातल्या त्या मतदारसंघातून २०१७ साली अब्दुल्ला आझम खान आमदार झाले. राज्यघटनेच्या १७३व्या कलमाप्रमाणे विधानसभेसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९९३ होती, त्यांनी पुढे केलेल्या दाखल्यावर ३० सप्टेंबर १९९०. हरलेल्या उमेदवाराने निवडणूक याचिका केली. डिसेंबर २०१९मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निवड रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल नोव्हेंबर २०२२मध्ये कायम केला. म्हणजे निवडून यायलाच जो पात्र नव्हता, तो माणूस अडीच वर्षांहून जास्त काळ त्या लोकांचा प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसला. ज्यांनी रांगेत उभे राहून मत दिले, त्यांचे ते मत वाया गेले. उमेदवारी अर्जाच्या छाननीच्या दिवशीच मूळ दाखला समोर ठेवणे सक्तीचे असते, तर हे सगळे एका दुपारी मिटले असते.

दुसरे उदाहरण बिहारचे. २०१५ सालच्या विधानसभा निवडणुकीत लालूप्रसाद यादव यांचे दोन मुलगे उभे राहिले. थोरले तेजप्रताप यांच्या प्रतिज्ञापत्रात वय २५, आणि धाकटे तेजस्वी यांच्या प्रतिज्ञापत्रात २६. धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा एका वर्षाने मोठा. वर्तमानपत्रांत दोन दिवस गाजले आणि विरले. दोघेही निवडून आले. एक उपमुख्यमंत्री झाला, एक आरोग्यमंत्री. मला त्या भावांपेक्षा त्या व्यवस्थेबद्दल अधिक बोलायचे आहे. शपथेवर केलेली दोन कागदपत्रे एकमेकांना खोटे ठरवत होती, आणि तरी कामकाज अडले नाही, कारण वयाच्या त्या टिंबांकडे गंभीरपणे पाहायची कुणाला सवयच नाही.

न्यायाधीशांच्या बाबतीत हीच राज्यघटना किती दक्ष आहे पाहा. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणून त्याच्या वयाचा वाद उपस्थित झाला तर तो कुणी सोडवायचा, याची तरतूद १९६३ सालच्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मुद्दाम घातली: देशाच्या सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करून राष्ट्रपतींनी. एका न्यायाधीशाच्या जन्मतारखेसाठी राष्ट्रपतींनी लक्ष घालायचे, आणि लाखो लोकांच्या वतीने कायदे करणाऱ्याचे वय मात्र त्याच्या शब्दावर सोडायचे. ही तफावत मला अजिबात पटत नाही.

एसटीत बसलात तर वयाची किंमत कशी मोजली जाते ते कळते. आमच्या आळीतल्या एक आजी महिन्यातून एकदा तालुक्याला डोळे दाखवायला जातात. मध्यंतरी मी त्याच गाडीत होतो. राज्यात २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. कंडक्टर जवळ आला आणि म्हणाला, ‘‘आजी, कार्ड दाखवा.’’ आजींनी पिशवीतून प्लॅस्टिकचे पाकीट काढले, त्यातून रुमाल, रुमालातून घडी पडलेले आधार कार्ड. कंडक्टरने ते खिडकीच्या उजेडात धरले, साल वाचले, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि शून्याचे तिकीट फाडून हातात दिले. आजींना त्यात काही अपमान वाटला नाही. सरकारचे पैसे आहेत, विचारणारच, असे त्या मला म्हणाल्या. श्रावणबाळ योजनेचे पैसे हवेत तर पासष्ट वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. लाडकी बहीण योजनेला एकवीस ते पासष्टची अट आहे, तिथेही कागद लागतो. गरिबाने दीडहजार रुपयांसाठी वय सिद्ध करायचे, आणि ज्याच्या सहीने कोट्यवधी रुपये खर्च होतात त्याने मात्र फक्त सांगायचे, हा न्याय कुठला?

आता माझ्याच व्यवसायातली एक गोष्ट सांगतो, कारण या विषयात सरसकट कुणाला खोटारडे म्हणणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतल्या माणसांचे वाढदिवस काढून पाहा. १ जूनला जन्मलेल्यांची संख्या तुम्हाला चक्रावून टाकील. त्या दिवशी आयाबाया जास्त बाळंत होत होत्या असे नाही. शाळा जूनमध्ये भरायची. बाप पोराला घेऊन यायचा, गुरुजी जनरल रजिस्टर उघडून विचारायचे, कधीचा? बाप म्हणायचा, पानशेतच्या पुराच्या आधीचा. किंवा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा रांगत होता. किंवा, दुष्काळात झाला, सुकडी मिळत होती तेव्हाचा. गुरुजी बोटांवर हिशेब करायचे, पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे, हात पोचला तर पहिलीत घ्यायचे आणि तारखेच्या रकान्यात १ जून लिहायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा तशी जुनी रजिस्टरे मी हाताळली आहेत. निळ्या शाईत एकाखाली एक तीच तारीख, पानेच्या पाने. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच तारीख गेली, नोकरीत तीच, पेन्शनमध्ये तीच. काही गुरुजींनी पोराला पुढे सरकारी नोकरीची वर्षे जास्त मिळावीत म्हणून साल एकदोन वर्षे पुढेही ढकलले. ते प्रेमापोटी केले, पण चूक ती चूकच.

त्या माणसांना मी लपवणारे म्हणत नाही. ज्याला आपली खरी तारीख ठाऊकच नाही, त्याने ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे’ असे लिहून साल सांगावे. ते पूर्ण प्रामाणिक उत्तर आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, आणि खेड्यापाड्यांत तो रुळायला पुढे कितीतरी वर्षे गेली. न कळणे वेगळे आणि न कळवणे वेगळे. माझा वाद दुसऱ्याशी आहे.

या वादात वयस्क नेत्यांविरुद्धचा राग मिसळू नये, याचीही मी काळजी घेतो. वय सांगा म्हणणे म्हणजे म्हाताऱ्यांनो घरी बसा म्हणणे नव्हे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि अकरा वेळा निवडून आले. २०१४ साली ते शेवटचे जिंकले तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. सबंध तालुक्याला त्यांचे वय तोंडपाठ होते. एसटीने हिंडणारा हा माणूस किती थकला आहे, किती चालू शकतो, पाण्याच्या प्रश्नावर अजून किती तडफेने बोलतो, हे लोक रोज डोळ्यांनी पाहत होते, आणि पाहून मत देत होते. २०१९ साली त्यांनी स्वतःच थांबायचे ठरवले. तेही वयाचे कारण सांगून. वय उघड असले की माणसाची इज्जत कमी होत नाही, उलट निवडणारा आणि निवडला जाणारा यांच्यात एक मोकळेपणा येतो, त्याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात मला माहीत नाही. मोरारजी देसाई १९७७ साली पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६चा, म्हणजे वाढदिवस चार वर्षांनी एकदा येणार. पण वय देशापासून लपलेले नव्हते.

तरुणांच्या बाबतीतही तेच. शरद पवार १९७८ साली मुख्यमंत्री झाले तेव्हा ३७ वर्षांचे होते, आणि ते वय त्यांच्याविषयीच्या कुतूहलाचा आणि टीकेचा, दोन्हींचा भाग होते. २०२४च्या विधानसभेत तासगाव-कवठेमहांकाळमधून रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी निवडून आले. मतदारांनी ते वय माहीत असूनच त्यांच्या हाती काम दिले. घटना समितीतही हा प्रश्न निघाला होता. वरिष्ठ सभागृहासाठी पस्तीस वर्षांची अट सुचवली गेली तेव्हा ती तीसवर आणावी अशी दुरुस्ती दुर्गाबाईंनी मांडली, पुढे सी. डी. देशमुखांशी विवाह होऊन आपल्याकडे ज्या दुर्गाबाई देशमुख म्हणून ओळखल्या गेल्या, त्याच. आज राज्यसभेसाठी तीसची अट आहे. वय किती असावे यावर मतभेद असू शकतात. ते माहीत असावे यावर कसला मतभेद?

आणि वय कळले म्हणजे सगळे कळले, असेही मी म्हणत नाही. अमेरिकेत ज्यो बायडन यांचे वय शाळकरी पोरांनाही ठाऊक होते, तरी त्यांच्या क्षमतेविषयीचे प्रश्न दबत राहिले, आणि २१ जुलै २०२४ रोजी, निवडणूक साडेतीन महिन्यांवर असताना, त्यांना माघार घ्यावी लागली. तब्येत, स्मरण, उमेद हे वेगळे प्रश्न आहेत आणि ते अवघड आहेत. वय हा त्यांतला सर्वांत सोपा, पहिला प्रश्न. जो सोप्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, तो अवघड प्रश्नाचे कधी देणार?

पक्षांना वयाचे महत्त्व कळत नाही असेही नाही. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत भाजपने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना उमेदवारी द्यायची नाही असे ठरवले. चिपळूणला जन्मलेल्या आणि इंदूरहून आठ वेळा निवडून आलेल्या सुमित्रा महाजन तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. त्यांनी पत्र लिहून आपण लढणार नसल्याचे जाहीर केले. २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली तेव्हा मुंबईच्या भर सभेत पुतण्याने काका शरद पवारांच्या वयाचा हिशेब मांडला. तिकीट कापायचे असले, खुर्ची रिकामी करून घ्यायची असली की वयाचा आकडा बरोबर बाहेर येतो. पक्षाच्या आतल्या डावात तो चालतो. मतदारापुढे ठेवायची वेळ आली की मात्र तो खासगी होतो.

खासगीपणाचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो सगळाच पोकळ नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. शिवाय पूर्ण जन्मतारीख हाती लागली की फसवणूक करणारे बँकेच्या नावाने फोन करून काय काय करतात, हे आपण रोज वाचतो. तेव्हा अख्खी तारीख, दिवसमहिन्यासकट, वेबसाइटवर टाकण्याचा हट्ट मी धरणार नाही. मूळ दाखला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तपासावा, आणि लोकांपुढे जन्मसाल व पूर्ण झालेले वय मांडावे. तेवढे पुरे आहे. तसे पाहिले तर दिवस आणि महिना फ्लेक्सवर नेते स्वतःच लावत असतात. झाकलेले असते ते सालच, आणि लोकांच्या कामाचे तेच असते.

बाईला वय विचारू नये, असेही ऐकवले जाते. राजकारणातल्या बायकांनी तरी हे सौजन्य नाकारावे, असे माझे त्यांना कळकळीचे सांगणे आहे. या सौजन्याच्या तळाशी बाईची किंमत तिच्या तारुण्यावर ठरते, असे मानणारी जुनी नजर आहे. सरपंच म्हणून, नगरसेविका म्हणून, आमदार म्हणून ती जे करते त्याचा या नजरेशी काही संबंध नाही. पन्नाशीतली बाई पन्नास वर्षांचा अनुभव घेऊन उभी राहते. तो तिने का लपवावा?

वय आणि बाई म्हटले की मराठी माणसाला एक जुने भांडण आठवले पाहिजे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते, आणि मोठेपणी तो संसार नाकारल्याबद्दल त्यांच्यावर खटला चालला. १८८४ ते १८८८ सगळा मुंबई इलाखा त्या खटल्याने ढवळून निघाला. पाठोपाठ संमतिवयाचा कायदा आला. १८९१ साली सरकारने संमतीचे वय दहावरून बारावर नेले, आणि त्यावरून पुण्यात टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे राहिले. ‘सुधारक’ काढून आगरकर जे लिहीत होते, त्याचे एक सूत्र असे होते की परंपरेच्या पडद्याआड जे चालते ते उजेडात आणून त्याला प्रश्न विचारावा. मुलीचे वय हा त्या काळी असाच पडद्याआडचा आकडा होता. तो कागदावर नव्हता, म्हणून तिच्यावरचा अन्यायही कागदावर येत नव्हता. दहाची मुलगी बाराची सांगता येत होती. पुढे १९२९ साली शारदा कायदा झाला, मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठराची अट आली, तरी वय सिद्ध कसे करायचे हा प्रश्न कितीतरी वर्षे छळत राहिला. आज जन्माचा दाखला आपण सहज काढतो. पण वयाची नोंद होणे, ती खरी असणे, आणि ती समर्थाला मनासारखी फिरवता न येणे, यासाठी या प्रांतातल्या माणसांनी शिव्याशाप खाल्ले आहेत. आगरकर अडतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या मागे सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण पुढाऱ्याच्या वयाबद्दल ‘कशाला विचारायचे’ म्हणून गप्प बसतो, याची मला लाज वाटते.

गप्प बसण्यात आपला वाटा मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. फ्लेक्ससाठी वर्गणी आपण देतो. त्यावर आपला फोटो यावा म्हणून पोरे धडपडतात. वीस वर्षांपूर्वीचा फोटो यंदाही छापला जातो आणि आपण त्याकडे पाहून नमस्कार करतो. साठीतल्या माणसाला युवा नेता म्हणून हार घालतो. खोटे बोलणारा एक असतो, पण ते खोटे जिवंत राहायला हजार माणसांनी मान डोलवावी लागते. जो नेता आपल्या वयाबद्दल लोकांना आपल्याबरोबर नाटक करायला लावतो, त्याला पुढे धरणाच्या पाण्याबद्दल, शाळेच्या पटाबद्दल, दवाखान्यातल्या रिकाम्या जागांबद्दलही तेच नाटक करायला लावणे सोपे जाते. सवय तिथेच लागते.

करायचे काय, ते फार अवघड नाही. नमुना २६च्या पहिल्या वाक्यात वयाच्या आधी जन्मसालासाठी जागा करावी आणि त्याखाली आधार कोणता, जन्माचा दाखला की शाळेची नोंद, ते लिहायला लावावे. छाननीला मूळ कागद दाखवणे सक्तीचे करावे. गुन्हे असलेल्या उमेदवाराने ते वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर जाहीर केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले, आणि त्याची पद्धत आता बसली आहे. वयासाठी तर जाहिरातीचाही खर्च नको. मतदान केंद्राबाहेर उमेदवारांची यादी लागते, तिच्यात एक रकाना वाढवला की झाले. खोट्या प्रतिज्ञापत्राला आज सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. ती वयाच्या बाबतीतही चालवावी. आणि निवडणूक याचिकेला मिळणाऱ्या ४५ दिवसांची वाट न पाहता हरकत अर्ज छाननीच्या टेबलावरच निकालात निघावा.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्याला थांबायचे कारण नाही. ग्रामपंचायतीला एकवीस वर्षांचा उमेदवार उभा राहू शकतो, आणि ग्रामपंचायतीत तर सगळे एकमेकांचे ओळखीचे. सुरुवात तिथून होऊ शकते. तरुण मंडळांनी ठरवावे की कितवा वाढदिवस ते लिहिल्याशिवाय चौकात फ्लेक्स लावायचा नाही. पत्रकारांनी मुलाखतीचा पहिला प्रश्न तोच ठेवावा.

आमच्या आळीतल्या त्या आजींनी हा प्रश्न विचारला होता. गेल्या निवडणुकीत उमेदवार दारोदार फिरत आमच्याकडे आला. मागे झेंडे, पुढे ढोल. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याने वाकून पाया पडल्यासारखे केले आणि आशीर्वाद मागितला. आजींनी सूप बाजूला ठेवले, हात कपाळाशी नेऊन उन्हात त्याच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, ‘‘कोणत्या सालचा रे तू?’’

‘‘आजी, तुमच्या नातवासारखा आहे मी,’’ तो म्हणाला.

‘‘माझा नातू चौतीस वर्षांचा आहे,’’ आजी म्हणाल्या. ‘‘तू?’’

तोवर कुणीतरी घोषणा दिली, ढोल पुन्हा सुरू झाला आणि मंडळी पुढच्या दाराशी सरकली. आजी बराच वेळ त्या दिशेला पाहत राहिल्या. मग सूप पुन्हा मांडीवर घेतले.